उभे समुद्र

आजरा
१४ सप्टेंबर २००५

श्री. रुद्रय्या स्वामी यांस,
शरणार्थ.

तुमची माझी ओळख नाही. मी महादेवी तोडकर. माहेरची शेटे, कुरुंदवाडची. माझे वडील मल्लाप्पा शेटे यांचं तिथे भुसारी दुकान होतं. १९६२ साली ते वारले तेव्हा मी रांगतही नव्हते. घरच्यांनी त्यांची तसबीर तुमच्याकडे करायला दिली होती, असं अव्वा सांगते.

रविवारच्या पुरवणीत तुमच्या समुद्राच्या चित्रांवर लेख आला होता. मी तो मोठ्याने वाचत होते. तुमचं नाव आलं तशी अव्वा उठून बसली. म्हणाली, "हेच त्ये पेंटरस्वामी. त्यांच्याकडं हाय बघ तुजा अप्पा."

या पावसाळ्यात कुरुंदवाडच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. अव्वाला होडीतून बाहेर काढलं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. तिची पेटी मागे राहिली. पेटीत अप्पांचा एकुलता एक फोटो होता. पाणी उतरल्यावर उघडून बघितलं तर चौकट होती, काच होती, काचेमागे गाळ.

तो फोटो अप्पा गेल्यानंतर काढलेला. आपल्या लिंगायतांत काढतात तसा, खुर्चीत बसवून, विभूती लावून, हार घालून. जिवंतपणी त्यांनी कधी फोटो काढून घेतला नव्हता. अव्वा वर्षातून एकदा तो बाहेर काढायची. लहानपणी मला त्याची भीती वाटायची, मी दुसरीकडे बघायचे. मोठेपणी, घरातच आहे, बघू कधीतरी, असं होत राहिलं. मला आठवतो तो झेंडूचा हार आणि खुर्चीचा हात. वर चेहरा होता, तो आठवत नाही.

अव्वाची तब्येत बरी नसते. म्हणते, "आदी डोळं मिटलं की यायचं. आता येईनात."

तसबीर असेल तर मी येऊन घेऊन जाईन. तुम्हाला ऐकायला कमी येतं असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं, म्हणून फोन केला नाही.

आपली,
महादेवी


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२९ सप्टेंबर २००५

सौ. महादेवी यांस,
आशीर्वाद.

तसबीर नाही.

का नाही ते सांगतो. त्या काळी मयताच्या फोटोवरून तसबिरी करणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. फोटोत डोळे मिटलेले असायचे आणि घरच्यांना ते उघडे हवे असायचे. माणूस मी पाहिलेला नसायचा. मग त्याच्या भावाला नाहीतर मुलाला समोर बसवायचं आणि त्यांच्यावरून अंदाज करायचा. बहुतेक वेळा चालून जायचं. तुमच्या वडिलांना भाऊ नव्हता आणि तुम्ही तान्ह्या होता. डोळे मी माझ्या मनाने केले.

तुमच्या आई तसबीर न्यायला आल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, हे त्यांचे डोळे नव्हेत. मी म्हटलं, कसे होते सांगा, बदलून देतो. त्यांना सांगता येईना. मलाही दुसरे सुचेनात. तसबीर इथेच राहिली.

पुढेही काही वेळा असं झालं. नाकारलेली तसबीर कोणाच्याच कामाची नसते. कॅनव्हास मात्र चांगला असतो. मी त्यावर समुद्र काढू लागलो. तसबिरीचा कॅनव्हास उभा, म्हणून माझे समुद्र उभे. पुरवणीतल्या गृहस्थांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला आहे, उंच आभाळ आणि माणसाचं एकटेपण वगैरे.

माझे वडील जंगम. मयताला बसवायला गावोगाव जायचे. ते माणसांना मातीत बसवायचे, मी भिंतीवर. त्यांना माझं काम कधी आवडलं नाही. आता मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याकडे कोणी परत येऊन म्हणत नसे की हा आमचा नव्हे. समुद्राचंही तसंच आहे. त्याच्या घरचे लोक नसतात.

आईंना शरणार्थ सांगा.

रुद्रय्या


आजरा
९ ऑक्टोबर २००५

स्वामी,
शरणार्थ.

पत्र अव्वाला वाचून दाखवलं. समुद्राचं आलं तेव्हा थांबणार होते, पण तिने थांबू दिलं नाही. ऐकून म्हणाली, "व्हय. मीच न्हाय म्हनलो. डोळं त्येंचं न्हवतंच. त्ये डोळं कुनाकडंबी बगत्याल तसं मजकडं बगत हुतं." मग म्हणाली, "पन नाक हुतं की. कपाळ हुतं. कशाला बुडीवलं म्हनावं?"

हे तिने सांगितलं तसं लिहिलं. राग मानू नका. तिला राग आलेला नाही. मला आला.

तुम्ही लिहिता, तसबीर नाही. तसबीर आहे, फक्त तिच्यावर समुद्र आहे. तो समुद्र कुठे आहे एवढं कळवा. कोणी विकत घेतला असेल तर त्यांचं नाव द्या. वरचा रंग काढणारे लोक असतात असं माझ्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक सांगतात. कोणता समुद्र ते आता आठवत नाही, असं कृपा करून लिहू नका. ज्यांना डोळ्यांवरून एक बाई त्रेचाळीस वर्षांनी आठवते, त्यांना हेही आठवत असणार.

अव्वा आता थोडंच जेवते.

महादेवी


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२० नोव्हेंबर २००५

सौ. महादेवी यांस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. दिवाळी गेली. काही कारण नव्हतं, लिहायला बसवत नव्हतं.

तो समुद्र माझ्या घरात आहे. विकलेला नाही. माझी पत्नी बाळाबाई चार वर्षांपासून अंथरुणावर आहे. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर तो लावलेला आहे.

ती वेंगुर्ल्याची. तुमच्या आई तसबीर ठेवून गेल्या तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिला इथे करमत नसे. पंचगंगेवर नेलं, रंकाळ्यावर नेलं, तिचं आपलं एकच, हे पाणी थांबलेलं आहे. मी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, लग्नात. तिच्यासाठी कागदावर काढून बघितला. ती म्हणाली, "ह्यां रंकाळ्याचां पाणी." पुन्हा काढला. पुन्हा रंकाळा. मग तो कॅनव्हास घेतला आणि त्यावर काढायला बसलो. ती मागे बसून सांगायची. ओहोटीची वाळू काळी दिसते, कोरडी नव्हे. लाट फुटायच्या आधी आतून हिरवी होते. आभाळ आणि पाणी जिथे मिळतं तिथे रेघ नसते. पूर्ण झाल्यावर तिने बघितलं आणि म्हणाली, "हां. ह्यो आमचो."

माझ्या कामाला कोणी असं म्हटलं ते पहिल्यांदा. त्याच कॅनव्हासवर तुमच्या आई नव्हे म्हणाल्या होत्या.

खाली कोण आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही. नवी नवरी होती, मयताची तसबीर म्हटल्यावर घरात ठेवली नसती. पुढे सांगायचं कारण उरलं नाही.

आता ती दिवसभर त्याच्याकडे बघते. दुसरं काही करत नाही. ती आहे तोवर तो मागू नका.

रुद्रय्या


आजरा
११ डिसेंबर २००५

स्वामी,
शरणार्थ.

परवा मी तुमच्या घरी येऊन गेले. न सांगता आले. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

तुम्ही औषध आणायला गेला होता. दार शेजारच्या बाईंनी उघडलं. कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुटलं पावणं म्हनायचं?" मी म्हटलं, आजऱ्याची. तर म्हणाल्या, "चित्रंबित्रं इकत घ्याय आला असशीला तर स्वामी देत न्हाईत. काल एक मोटारवाला आलता, त्येला चा पाजून लावून दिला. त्येची बायकू म्हनत हुती, सोप्याच्या रंगाला जुळतंय. आडवं हाय काय इचारली. आडवं! समुद्र काय झोपवायचा व्हय?" मी हसले. मग त्यांनी मला आत नेलं. नाव चिमणाबाई सांगितलं. म्हणाल्या, "बोला हिच्याशी. ऐकतीया समदं. म्या रोज कागाळ्या सांगते."

समुद्र बघितला. मला चित्रातलं कळत नाही. मी आभाळात कपाळ शोधत होते. कुठे रंग जाड आहे, कुठे उंचवटा दिसतो का, म्हणून पुढे झाले. मागून काहीतरी आवाज आला. काकूंचा चांगला हात चादरीवरून हलत होता. मला वाटलं बोलावतात, म्हणून जवळ गेले. त्यांनी हात पुन्हा तसाच केला. चिमणाबाई म्हणाल्या, "तुला न्हवं बोलवत. आडवी आलीस तू. बाजूला हो म्हनती."

मी बाजूला झाले. त्यांचा हात थांबला.

तुम्ही यायच्या आत मी निघाले. आता मागणार नाही. अव्वाला सांगितलं की तो समुद्र सापडला नाही. तिने विश्वास ठेवला की नाही, कळत नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

महादेवी


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
२६ फेब्रुवारी २००६

चि. महादेवीस,
आशीर्वाद.

तू आली होतीस हे चिमणाबाईने त्याच दिवशी सांगितलं. पत्रही मिळालं. उत्तर लिहिलं नाही, कारण मी एक काम करत होतो आणि ते जमतं का ते बघायचं होतं.

मी तोच समुद्र दुसऱ्या कॅनव्हासवर काढला. तीच वाळू, तीच लाट, तेवढंच आभाळ. आता हात कापतो, त्यामुळे सकाळी तासभरच काम होतं. पण शेवटी दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा मला स्वतःला फरक सांगता आला नाही. बाळाबाईला झोप लागली असताना भिंतीवरचा काढून नवा लावला.

ती जागी झाली. बघितलं. तोंड फिरवलं.

चिमणाबाई ओरडली, "स्वामी, म्हातारीला फसवाय निगालाय व्हय? रंगाचा वास सुटलाय की घरभर!" मला वाटलं असेल तसं. काढून ठेवला, वास जाऊ दिला, पुन्हा लावला. तिने पुन्हा तोंड फिरवलं आणि त्या दिवशी दूध घेतलं नाही. जुना परत लावला.

जुन्यात असं काय आहे जे मला दिसत नाही, हे तिला विचारता येत नाही. जन्मभर तीच सांगत आली, हे पाणी, हे पाणी नव्हे. मी फक्त हात चालवला.

हे लिहायचं कारण एवढंच की मी प्रयत्न केला. आईंची तब्येत कशी आहे ते कळव.

रुद्रय्या


आजरा
१६ मे २००६

स्वामी काका,
शरणार्थ.

अव्वा गेली. वैशाखात, उन्हाच्या दिवसांत. त्रास झाला नाही. आमच्या इथेच माती दिली.

शेवटी शेवटी ती अप्पांचं काही बोलत नव्हती. दुकानातल्या मापांचं बोलायची. एकदा म्हणाली, "तुजा अप्पा पायली भरताना वरनं हात फिरवायचा न्हाई. शीग तशीच ठेवायचा. गिऱ्हाईक खूश, आन माजा जीव खालवर." एवढं एकच मला त्यांच्याबद्दल नवीन कळलं.

बसवल्यावर तिचा फोटो काढून घेतला. स्टुडिओवाला तरुण होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, डोळे उघडून देऊ काय? कॉम्प्युटरवर होतंय आता. दुसऱ्या कुणाचं बसवायला लागत न्हाई, रेशनकार्डासाठी काढल्याला जुना फोटो असला तरी चालतंय." माझं लक्ष नव्हतं. मी नको म्हटलं.

काकूंना सांभाळा. चिमणाबाईंना नमस्कार.

महादेवी


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१९ नोव्हेंबर २००६

चि. महादेवीस,
आशीर्वाद.

बाळाबाई दसऱ्यानंतर गेली. तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कोणालाच कळवलं नाही. चिमणाबाईने सगळं केलं.

महिनाभर मी तिच्या खाटेवर बसून समुद्र बघितला. ती काय बघत होती ते दिसेल असं वाटलं. दिसलं नाही. मग तो भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला.

तसबीर गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तिच्यावर वार्निश द्यायची पद्धत होती. तुझ्या वडिलांच्या तसबिरीवर ते दिलेलं होतं, म्हणून वरचा रंग आता सुटतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा, थोडं मऊ पडलं की पात्याने उचलायचं. दिवसाला तळहाताएवढं होतं. वरून सुरुवात केली. आभाळ निघालं. पागोटं आलं, कपाळ आलं, विभूतीचे तीन पट्टे आले. तुझ्या आई म्हणाल्या ते खरं आहे, नाक चांगलं केलं होतं. मिशा, हनुवटी, गळा. खांद्याशी पाणी लागतं, तिथे थांबलो. आभाळ माझं होतं, ते काढलं. पाणी तिने सांगितलेलं आहे, ते ठेवलं. तुला चालत नसेल तर सांग.

आता एक गोष्ट आहे जी मी तुला लिहिलेली नाही.

समुद्र काढायला बसलो तेव्हा उघड्या डोळ्यांवर रंग घालायला माझा हात उठेना. खोटे असले तरी ते बघत होते. वडिलांच्या बरोबर मयतांना गेलो होतो तेव्हा बघितलं होतं, कोणाचे डोळे उघडे राहिले असले तर वडील आधी ते अंगठ्याने मिटवायचे, मग पुढचं. मीही आधी पापण्या भरल्या. फोटोत होत्या तशाच. सुकू दिल्या. मग वर आभाळ घेतलं. पुढे प्रत्येक तसबिरीला तेच केलं. माझ्या सगळ्या समुद्रांखाली माणसं डोळे मिटून आहेत.

तेव्हा सध्या तुझे वडील डोळे मिटलेले आहेत. पापण्यांचा रंगही वार्निशवरच आहे. अजून दोनदा बोळा फिरवला तर त्या निघतील आणि खाली मी केलेले डोळे येतील. तुझ्या आईंनी नाकारलेले. ते तेव्हा चुकले होते की नव्हते, हे मला कधी कळलं नाही. कोणी दुसऱ्याने बघून सांगावं असं इतकी वर्षं वाटत होतं. आता सांगणारं कोणी उरलं नाही.

काढू की ठेवू, हे तू सांगायचं. माझ्या हाताला फार दिवस आहेत असं वाटत नाही.

रुद्रय्या


आजरा
२७ नोव्हेंबर २००६

स्वामी काका,
शरणार्थ.

काकूंचं वाचून वाईट वाटलं. मला त्या एकदाच दिसल्या आणि मी त्यांच्या आडवी उभी होते.

तुमचं पत्र आमच्या मालकांना वाचायला दिलं. ते म्हणाले, उघडून घे, एकदा बघू तर दे. मी पाच दिवस विचार केला. उघडले तर मला ठरवावं लागेल, अव्वाचं बरोबर की तुमचं. आणि मी तर अप्पांना बघितलेलंच नाही. जे डोळे मला ओळखता येणार नाहीत ते उघडून मी काय करू? ते माझ्याकडे बघतील आणि अव्वाला वाटलं तेच मलाही वाटेल, की हे कोणाकडेही बघतील तसेच बघतात.

तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते मी नाही. माफ करा.

पापण्या राहू द्या. पाणीही राहू द्या. पुढच्या रविवारी मी येते.

महादेवी


आजरा
२१ जानेवारी २००७

स्वामी काका,
शरणार्थ.

लिहायला उशीर झाला, पण चित्र सुखरूप आलं. एसटीत दोन सीटांवर उभं करून आणलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, पावन्यांचंबी तिकीट काढा की." मग कापड जरा सरकलं, विभूती दिसली, आणि तो पुढे गेला.

आधी चार दिवस ते कापडातच ठेवलं होतं. मग दुपारी घरी कोणी नसताना सोडलं. खरं सांगते, मला काहीच ओळखीचं वाटलं नाही. माझ्या नाकाशी जुळवून बघितलं, मुलाच्या कपाळाशी जुळवून बघितलं. जुळत नाही. एक अनोळखी माणूस, खांद्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. वयाने माझ्याहून बराच लहान. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. भीती वाटली नाही.

मी निघताना तुम्ही विचारलंत, परत आणून देशील का म्हणून. तुम्ही हसत विचारलंत, पण मी ऐकलं. नाही देणार. माझ्यानंतर मुलगा ठेवेल, तसं त्याला सांगितलं आहे.

मधल्या खोलीत लावलं. संध्याकाळी मालक दुकानातून आले. चप्पल काढता काढता नेहमीसारखं मोठ्याने काहीतरी सांगत होते, काजूच्या भावाचं. मध्येच भिंतीकडे लक्ष गेलं आणि थांबले. मला हळूच म्हणाले, "सासरे झोपल्यात व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

बाकीचं त्यांनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. तेव्हापासून त्या खोलीत आम्ही सगळे जरा हळू बोलतो.

महादेवी